चिमीचं ‘नको’

बोलू न शकणाऱ्या मुलांना चित्र दाखवून सांगता यावं म्हणून मोठी माणसं तक्ता करतात तेव्हा त्यावर हमखास पाणी, जेवण, शू, शी एवढंच असतं. म्हणजे सांभाळणाऱ्यांची सोय. माझ्या तक्त्यावर पहिल्या दिवसापासून ‘नको’ असतं. त्यावरूनच आमच्याकडे वाजलं.

मी जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात स्पीच थेरपिस्ट आहे. चिमी (नाव बदललंय) सात वर्षांची. सेरेब्रल पाल्सी. ऐकू नीट येतं, समजतं सगळं, पण जीभ, ओठ, हात हुकमात नाहीत. आमच्याकडे येईपर्यंत वेखंड चाटवून झालं होतं, जिभेखालचा पडदाही कापून झाला होता. नजर मात्र पक्की आहे, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

तिच्यासाठी ई-ट्रान केला, म्हणजे नजरेने चित्र दाखवून बोलायचा तक्ता. नेमप्लेटवाल्याकडून पारदर्शक अॅक्रिलिक कापून घेतलं, मधोमध माझा चेहरा दिसेल एवढा चौकोन, कडेने वेल्क्रोवर चित्रं. तिचं डावं ते माझं उजवं, म्हणून प्रत्येक चित्राच्या पाठीला माझ्यासाठी शब्द लिहिलेला. ‘हो’ आणि ‘नको’ शेजारी ठेवायचे नाहीत, एकमेकांपासून लांबच्या कोपऱ्यांत. आणि एक चित्र ‘वेगळंच काहीतरी’चं; ते नसेल तर मूल आपल्याच पर्यायांत कोंडलं जातं. पण त्याआधी बैठक. कंबरेला पट्टा, पाय पाटावर. बूड हललं की मान जाते, मान गेली की नजर. ती चित्राकडे बघते, थांबते, मग माझ्याकडे बघते. तेव्हाच ते बोलणं धरायचं. यात वेळ जातो, आणि नातेवाइकांना तेवढा धीर नसतो. ‘तिला पाणी हवंय’ म्हणून मोकळे होतात.

‘अशी सवय लागली तर बोलेल कधी?’ हे आजी विचारतेच, डॉक्टरही विचारतात. २००६ साली आलेल्या संशोधनाच्या एका आढाव्यात, काटेकोर अभ्यासांतल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे घटलं नव्हतं, बहुतेकांचं वाढलंच होतं. तो कागद मी टेबलावर ठेवते. कुणी उचलत नाही.

त्या दिवशी फिजिओ तिच्या पायात स्प्लिंट, म्हणजे पाऊल ताणून धरणारा साचा, चढवत होते. चिमीने ‘नको’कडे बघितलं. ‘हो हो, झालंच,’ म्हणत त्यांनी पट्टा ओढला. तिने पुन्हा बघितलं.

“सर, ती नको म्हणतेय.”

“मॅडम, पोरं इंजेक्शनलाही नकोच म्हणतात.”

खरं आहे. पण ती पोरं किंचाळतात, पळतात, चॉकलेटवर सौदा करतात. हिच्याकडे एक कोपरा आहे. मी पट्टा थांबवायला लावला आणि विचारलं. दुखतंय? नाही. घट्ट आहे? नाही. तिची नजर ‘वेगळंच काहीतरी’वर. मग एकेक नाव घेत गेले: सर? आई? खोली? खोलीवर ‘हो’. खेळणी? आवाज? दार? दारावर इतका ठाम ‘हो’ की आईलाही दिसला. दार सताड उघडं, बाहेर बाकावर रांगेतली माणसं, आणि हिचा फ्रॉक मांडीपर्यंत वर. आम्हा सगळ्यांदेखत हे कधीपासून चाललेलं. पडद्याची मागणी मी आधीच लिहून दिली होती. ती कुठल्या फायलीत आहे कोण जाणे. आईने ओढणी दाराला बांधली. चिमीने स्प्लिंट घालू दिला.

इथवर गोष्ट छान आहे. पुढच्या वेळी ओढणी होती, दार बंद होतं, आणि तिने ‘नको’च म्हटलं. सगळं विचारून झालं. नुसतं नको. फिजिओ म्हणाले, ताण दिला नाही तर पोटऱ्या आखडतील, टाच टेकणार नाही. ते बरोबर आहेत. स्प्लिंट चढला. ती ‘नको’कडे बघतच राहिली, मी तक्ता धरून समोर.

आता आईचं म्हणणं, ते चित्र काढून टाका. घरी आंघोळीला नको, वरणभाताला नको, आजीला नको. मी काढणार नाही म्हटलं. आजी का नको, हे आधी विचारा म्हटलं. स्प्लिंटचं फिजिओंशी बोलले: किती वेळ आणि आधी कुठला पाय, एवढं तरी तिने ठरवावं. ते तयार आहेत. तिने दोन्ही पायांना ‘नको’ म्हटलं तर काय, यावर आमचं अजून जमलेलं नाही.