पाच केसांत, पाच ट्रंकेत, पोटात नको

सासूबाईंची लोखंडी ट्रंक उघडली की आधी पाचेचा, म्हणजे वेणीत खोवतात त्या सुवासिक पाल्याचा, वास यायचा, मग साड्या दिसायच्या. सुकवलेली पाच मलमलच्या पुरचुंडीत बांधून त्या नऊवारींच्या घड्यांत ठेवत, कसर लागू नये म्हणून. डांबराच्या गोळ्यांनी त्यांचं डोकं उठायचं. ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं घर तळमजल्यावर, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, पण त्या ट्रंकेतल्या साड्या कधी कुबट झाल्या नाहीत. 19व्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या तेव्हा व्यापारीही घड्यांत असाच पाला घालत, आणि तिकडचे लोक म्हणे त्या वासावरून अस्सल शाल ओळखत.

त्या पाल्याचं इंग्रजी नाव पॅचोली, हे मला वयाच्या 41व्या वर्षी कळलं. तेही एका प्रदर्शनात घेतलेल्या 10 मिलीच्या बाटलीवरून. घट्ट, तपकिरी तेल. ओली माती आणि जुनं लाकूड एकत्र केल्यासारखा वास. ट्रंकच आठवली. मग काय, कानामागे, कोपराच्या आत, गळ्याला, नुसतंच चोळलं. रात्री खाज, सकाळी लाल चट्टे, आणि तसंच लोकलमध्ये ओढणी गुंडाळून ऑफिस.

त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशात मिसळून लावलंत?" मी गप्प. वेणीत डहाळी खोवणं वेगळं आणि हे वेगळं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. 100 किलो सुकी पानं वाफेवर ऊर्ध्वपातित केली तर तेल निघतं जेमतेम 2 ते 3 किलो. म्हणजे एका थेंबात किती पाला आला बघा. आता 10 मिली खोबरेलात 3-4 थेंब, त्याहून जास्त नाही. तेही आधी मनगटाच्या आत लावून एक दिवस थांबायचं. (तेव्हा हा शहाणपणा कुठे गेला होता, असं नवऱ्याने विचारलंच.)

पाच ही तुळस, पुदिना, मरवा यांच्याच कुळातली. तेलासाठी इंडोनेशियात लावतात ती पोगोस्टेमॉन कॅब्लिन. आपल्या दक्षिणेत तिची बहीण पोगोस्टेमॉन हेनिॲनस आहे. तेल सूज कमी करतं, बुरशी रोखतं, असं प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसलंय. माणसांवरचा पुरावा मात्र तुटपुंजा, त्यामुळे एक्झिमा बरा होतो वगैरे ऐकलं की मी मान हलवते आणि विषय बदलते. चिनी वैद्यकात उन्हाळ्यातल्या उलट्या-जुलाबांवर ही पाच इतर वनस्पतींबरोबर देतात. पण तो सुकवलेला पाला, आणि तोही तिथल्या वैद्याने बेतलेला.

हे कुठूनतरी अर्धवट ऐकून शेजारच्या काकांनी आमच्या बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ॲसिडिटीवर कोमट पाण्यात दोन थेंब घ्यायला सांगितलं. मी स्वयंपाकघरात गेले तर पेला हातात.

"बाबा, ते पिऊ नका."

"अगं, झाडपाल्याचंच तर आहे."

"धोतराही झाडपालाच आहे, बाबा."

पेला मोरीत ओतला. बाबांची ॲन्जिओप्लास्टी झालीये, रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज चालू आहे, आणि या तेलानेही रक्त गोठणं मंदावू शकतं. एरवीही असली अर्काची तेलं पोटात घ्यायची नाहीतच. दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. बाटली आता माळ्यावर, नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी.

ट्रंकेत कापसावर तेल टाकून ठेवावं असंही मनात आलं होतं, पण रेशमावर डाग पडला तर सासूबाई वरून शाप देतील. म्हणून परवा जांभळी नाक्याला फुलवाल्या मावशींकडे नुसती पाच मागितली, फुलांशिवाय, चांगली मूठभर.

"देवाला का?"

"नाही मावशी, साड्यांना."

त्यांनी आणखी दोन डहाळ्या वर टाकल्या.