गिळलेला ‘ट’

गुरुवार, रात्री साडेदहा

आज भाचीबरोबर यू-टू या आयरिश बँडचं १९८७ सालचं ‘आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आयम लुकिंग फॉर’ ऐकलं. ती नववीत आहे. प्रेझेंट परफेक्टचा नियम तिला तोंडपाठ: हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. गाळलेल्या जागा भरताना एकही चुकत नाही. बोलताना मात्र हे रूप तिच्या तोंडून निघतच नाही. म्हणून म्हटलं, गाण्याचे शब्द शोधायचे नाहीत. कानावर पडेल तसं वहीत उतरवायचं.

तिने लिहिलं, ‘आय स्टिल हॅवन फाउंड’. अगदी प्रामाणिक कान! गाताना शेवटचा ‘ट’ जवळजवळ गिळलाच जातो. “मावशी, मग तो ‘नाही’ म्हणतोय हे कळायचं कसं?” हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकातून तिला कधीच पडला नसता.

मराठीत आपण अक्षर न् अक्षर उच्चारतो. इंग्रजीत काही शब्दांवर जोर देतात आणि मधले बारके शब्द दाबून टाकतात. अमेरिकन माणूस ‘आय कॅन गो’ म्हणतो तेव्हा ऐकू येतं ‘आय कन गो’. नकार असेल तर ‘कॅन्ट’ जोरात येतो, ‘ट’ ऐकू येवो न येवो. होकार-नकार त्या जोरावरून ओळखायचा. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं, राज्यात २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. पण शिकणं अजून बरंचसं डोळ्यांनीच चालतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या एका शीर्षकात आणखी एक सोनं आहे. ‘व्हॉट आयम लुकिंग फॉर’. ‘व्हॉट ॲम आय’ नव्हे. आपल्याकडे चांगली शिकलेली माणसंही ‘आय डोन्ट नो व्हॉट इज ही डुइंग’ म्हणतात, कारण व्हॉट दिसला की प्रश्नाची रचना आपोआप येते. वाक्याच्या पोटात प्रश्न आला की कर्ता आधी, क्रियापद नंतर, हे कितीही समजावलं तरी बोलण्याच्या ओघात निसटतं. गाणं ओठांवर बसलं की मात्र उलटी रचना कानालाच खटकते. भाचीने त्याच चालीवर स्वतःची वाक्यं रचली: ‘आय डोन्ट नो व्हेअर शी इज’, ‘टेल मी व्हॉट यू आर ईटिंग’. एकदाही क्रम उलटला नाही!

सगळीच गाणी मात्र पेपराला चालणार नाहीत. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ‘कान्ट गेट नो’ असा दुहेरी नकार आहे. इंग्रजीच्या कितीतरी बोलींत ती रीतच आहे, अडाणीपणा नव्हे. परीक्षेत तसं लिहायचं नाही, एवढं तिला सांगितलं.

शिवाय चालीसाठी गाण्यात स्वर ताणले जातात, जोर भलतीकडे पडतो. त्यामुळे उद्यापासून सिनेमातले संवाद. कोर्टातली भाषणं नकोत. घरातली भांडणं, जेवणाच्या टेबलावरची बोलणी. आधी सबटायटल्स बंद ठेवून ऐकायचं, मग इंग्रजी सबटायटल्स लावून ताडून बघायचं, मग थांबवून त्याच चढउतारात म्हणायचं. बहिणीबहिणींच्या भांडणाचा एक प्रसंग मी काढून ठेवलाय. त्यात ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ आहे, आणि तो ‘शुड हॅव’ ऐकू येतो ‘शुडव’.