ग्रेन उभा

सकाळी पावणेनऊला स्टुडिओचं कुलूप काढलं तर टेबलावर पाच पुस्तकं पापडासारखी वाकून बसलेली. आदल्या संध्याकाळी ती सपाट होती, मी स्वतः हात फिरवून बघितला होता. जुलै महिना, पुण्यात आठवडाभर पावसाची झड लागलेली. आणि दुसऱ्या दिवशी अकराला ज्यूरी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांसमोर कामाची परीक्षा.

अंगणवाडीत बाईंनी मुलांकडे तोंड करून, उभ्याने वाचून दाखवायची ती पुस्तकं. दोन फूट उंच. आत चित्रं, मधे मधे हात लावून बघायला कापडाचे तुकडे, वर लाकडी मूठ. आमच्या डिझाइन कॉलेजात चार शाखांची मुलं एकत्र बसवून करायचा हा तीन आठवड्यांचा प्रकल्प. उपयोजित कलेची एक, टेक्स्टाइलची एक, फर्निचरचा एक, अ‍ॅनिमेशनचा एक. शिकवणारी मी. सतरा वर्षं टायपोग्राफी शिकवतेय. कापडातलं मला साडी नेसण्यापुरतंच कळतं.

नऊला चौघं आली आणि भांडण जुंपलं. टेक्स्टाइलवाली म्हणे पुठ्ठा खराब. फर्निचरवाला म्हणे हिने कापड ताणून चिकटवलं. उपयोजितवाली काही न बोलता भिंतीवरच्या कामाच्या कागदापाशी गेली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. तिच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'ग्रेन उभा ठेवणे'. पुढे चार टिका, चार रंगांच्या पेनांनी केलेल्या.

"बरं," मी म्हटलं, "उभा ठेवला म्हणजे कुणी काय केलं?"

टेक्स्टाइलवालीने कापड कापताना ताणा, म्हणजे कापडाचे लांबीतले धागे, उभा धरला होता. बरोबरच होतं तिचं. फर्निचरवाल्याने मुठीसाठी सागाची पट्टी घेताना रेषे बघितले होते. पण पुठ्ठा? "पुठ्ठा म्हणजे लगदा ना, मॅम. त्याला कसला ग्रेन?" त्याने तुकडे आडवे टाकले होते, कारण तसे एका शीटमधून जास्त बसत होते. उपयोजितवालीला मात्र तीच ओळ सगळ्यात आधी पुठ्ठ्यासाठी आणि कागदासाठी लिहायची होती. छपाईच्या जगाबाहेर त्याचा वेगळा अर्थ असू शकतो हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि अ‍ॅनिमेशनवाला म्हणाला, "मी दिलाय की ग्रेन." लॅपटॉप उघडून त्याने दाखवलं. जुन्या फिल्मवर दिसतात तसे बारीक दाणे, खास उभे ओढलेले, प्रत्येक चित्राच्या आकाशात. गोष्ट पावसाची होती. पंधरा दिवस आम्ही सगळे तो पाऊस काय सुंदर काढलाय म्हणून त्याचं कौतुक करत होतो.

मला हसू आवरेना. मुलांना राग आला, तोही रास्त होता.

सदाशिव पेठेतल्या एका बाइंडर काकांना फोन लावला. ते भिजतच आले, चहा नको म्हणाले, पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. "आतलं अस्तर कुठाय?" अस्तराचा कागद कुणीच चिकटवला नव्हता. प्रत्येकाला वाटलं ते दुसऱ्याचं काम. "आडवा पुठ्ठा, वर ओली खळ, आत काहीच नाही. वाकणारच. खळ सुकताना वरचं कापड आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. आतून तेवढाच ओढणारा कागद लागतो."

'ग्रेन' हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही. एक कोरा कागद घेतला, त्याच्या दोन्ही कडा आळीपाळीने नखांच्या चिमटीत धरून ओढल्या. एक कड सरळ राहिली, दुसरीवर लाटा उठल्या. मग पाण्याचं बोट फिरवलं, कागद आपोआप एकाच दिशेला गुंडाळला गेला. "बनवताना धागे मशीनच्या दिशेने बसतात. ओल लागली की धागा लांबीत फारसा वाढत नाही, रुंदीत फुगतो. म्हणून धागे पुस्तकाच्या पाठीला समांतर हवेत."

"म्हणजे ताणा!" टेक्स्टाइलवाली म्हणाली. फर्निचरवाल्याला आठवलं की टेबलाची फळी खालच्या चौकटीला घट्ट स्क्रूने आवळत नाहीत, भोकं लांबट ठेवतात, फळीला रुंदीत फुगायला जागा मिळावी म्हणून. हे त्याला दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. पुठ्ठ्याला लावून बघितलं नव्हतं, एवढंच.

इथे माझी चूक कबूल करायला हवी. कामाची वाटणी मीच पहिल्या दिवशी फळ्यावर केली होती. चित्रं याची, छपाई हिची, कापड तिचं, बांधणी त्याची. चौघांनी आपापलं काम चोख केलं. दर वर्षी मी स्लाइड दाखवून सांगते, की १९१९ साली जर्मनीत वायमारला सुरू झालेल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेतल्या कार्यशाळांना दोन गुरू असत, एक कलावंत आणि एक कसबी कारागीर. पुस्तकबांधणीला ओटो डॉर्फनर हा बांधणीकार होता आणि त्याच्या जोडीला चित्रकार पॉल क्ले. स्लाइड छान आहे. आमच्या बाइंडर काकांचं मानधन मात्र मला 'किरकोळ साहित्य खर्च' या सदरात दाखवावं लागलं.

दुपारपासून कामं फिरवली. टेक्स्टाइलवालीने पुठ्ठे कापले, प्रत्येक शीट आधी हाताने वाकवून, कुठल्या बाजूने सहज वाकतं ते बघून. अ‍ॅनिमेशनवाला खळ लावायला बसला आणि तासाभरात कोपरापर्यंत माखला. फर्निचरवाल्याने अस्तर चिकटवलं. उपयोजितवालीने भिंतीवरची तिसरी ओळ खोडून पाच ओळी लिहिल्या, त्यात 'ग्रेन' नव्हता. रात्री वजनाला बागेतल्या विटा आणल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. पाचातली तीनच पुस्तकं उभी राहिली. दोनांना वेळ पुरला नाही.

ज्यूरीच्या गुणपत्रकात शाखेसाठी एक चौकट असते आणि 'वैयक्तिक योगदान' असा वीस गुणांचा रकाना. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पुस्तक हातात घेतलं, आतल्या कापडावरून बोट फिरवलं आणि टेक्स्टाइलवालीकडे बघून विचारलं, "सुरेख. यात तुझं नेमकं काय?"

"पुठ्ठा," ती म्हणाली.

परीक्षकांनी चष्मा वर करून तिची शाखा पुन्हा एकदा वाचली.