पावती क्रमांक 1

बाबांच्या ट्रंकेत जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याची, एक पावती सापडली. हंगाम 1996-97, पावती क्रमांक 1, वाण एच-4, निव्वळ वजन 847 किलो. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करून वेचणीला लागलो, त्यानंतर भरलेली ती पहिली बंडी. हिंगणघाट तालुक्यातल्या त्या जिनिंगच्या काट्यावरचा प्रोग्राम मीच टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या सी कंपायलरमध्ये लिहिला होता आणि त्या हंगामाची डेटा फाइल अजून माझ्याकडे आहे. तोच जुना कोड लिनक्सवर जीसीसी या आजच्या सी कंपायलरने कंपाइल केला, मोठ्या आशेने फाइल उघडली. पहिल्या पावतीचा क्रमांक आला 1330118657.

वाटलं, फाइल गेली. मग एकेक बाइट छापला: 1, 0, 72, 79, 3, 0, 0... पावती शेजारी ठेवली आणि गाठ सुटली. 1 आणि 0 मिळून क्रमांक. 72 म्हणजे आस्कीतलं एच हे अक्षर. पुढे 3 गुणिले 256 अधिक 79, म्हणजे 847. बाबांचा कापूस किलोला किलो तिथेच होता! टर्बो सीचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटांचा, जीसीसीचा चार बाइटांचा. त्यामुळे क्रमांक, वाण आणि वजनाचा पहिला बाइट हे सगळं मिळून त्याने एकच आकडा वाचला.

दोन बाइटांच्या इंटने मला तेव्हाही रडवलं होतं. त्यात 32767 च्या वर आकडा मावत नाही. दिवसाची बेरीज मी किलोत ठेवायचो. एका संध्याकाळी चाळिसेक बंड्या तोलून झाल्या आणि एकूण वजन उणे दिसायला लागलं. बाहेर बैल जुंपून माणसं थांबलेली. त्या रात्री सगळी वजनं लाँग या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात टाकली, चार बाइटांत. आता 64 बिटांच्या लिनक्सवर लाँगही आठ बाइटांचा झालाय. 64 बिटांच्या विंडोजवर मात्र तो चारचाच.

शिवाय एका नोंदीचे सगळे रकाने एकत्र ठेवणाऱ्या रचनेत (स्ट्रक्टमध्ये) जीसीसी मध्ये रिकामे बाइट सोडतो. टर्बो सीत माझी एक नोंद 11 बाइटांची होती: क्रमांक 2, वाण 1, वजन 4, भाव 4. तीच इथे 24 ची होते. फाइल 45639 बाइटांची. 24 ने भाग जात नाही, 11 ने पूर्ण जातो. 4149 पावत्या. भावाचा फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, मात्र जसाच्या तसा आला, कारण दोन्हीकडे आयईईई 754 या मानकाचा चार बाइटांचाच साचा आहे.

आता मी आख्खी रचना एका दमात फाइलीत ओतत नाही. इंट16_टी, इंट32_टी असे सगळीकडे सारख्याच लांबीचे, मापाचे प्रकार घेतो, बाइट क्रमाने लिहितो आणि तो क्रम फाइलीजवळच नोंदवून ठेवतो. पुतण्याने वावरात ओलावा मोजायला आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड लावलाय. त्यातही इंट दोनच बाइटांचा, डबल हा एरवी आठ बाइटांचा दशांश प्रकारसुद्धा चारच. त्याला पहिल्याच दिवशी हे करायला लावलं.

1997-98 ची फाइल बाकी आहे. त्या वर्षी नोंदीत ओलाव्याचा रकाना वाढवला होता, पण तो कुठे बसवला ते आठवत नाही. आमच्या भागात कुणाच्या घरी त्या हंगामाची पावती असेल तर फोटो पाठवा. एक पुरेल.