केबल, केळी आणि समुद्रकिनारा

चोपडा तालुक्यातल्या त्या घरात सोळा वर्षांवरची पाच माणसं होती. कोणावर काय गुन्हा घडला हे घरोघरी विचारणाऱ्या आमच्या पाहणीचा नियम असा, की ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येतो त्यालाच प्रश्न विचारायचे. नाहीतर दरवेळी ओसरीवरचा कर्ता पुरुषच बोलतो. पाचांपैकी चौघांचा वाढदिवस १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला. अशा वेळी मी चिठ्ठ्या टाकते. आप्पांची निघाली.

आमची प्रश्नावली १९८९ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीवरून बेतलेली. पोलिसांच्या आकड्यांवरून देशादेशांची तुलना होत नाही, कारण कायदे वेगळे आणि तक्रार करायची सवयही वेगळी. म्हणून घरोघरी जाऊन सगळीकडे सारखंच विचारायचं. मुंबईत हे १९९२ च्या फेरीतच झालं. कल्पना मला आजही पटते. चिडचिड होते ती त्या 'सारखंच'वर.

घरफोडी? नाही. या प्रश्नात गॅरेज, शेड धरायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे खळं आणि विहिरीवरची खोली बाद. मग इतर चोरी : पाकीट, कपडे, दागिने, खेळाचं साहित्य, कामावर, बसमध्ये, दारूच्या गुत्त्यावर, समुद्रकिनाऱ्यावर. उदाहरणं गाळायची नाहीत ही सुपरवायझरची तंबी. ते स्वतः कधी बांधावर उतरलेले मी पाहिलेलं नाही. मी वाचलं.

"आठे कथा शे समुद्र, माय?" आप्पा म्हणाले. घर हसलं. उत्तर : नाही.

टॅब मिटला, चहा आला. कप ठेवता ठेवता सून म्हणाली, "ती केबल सांगा ना."

विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीची केबल. अखजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, तीनदा कापून नेली. वरचं रबर जाळायचं, तांबं भंगारात किलोवर द्यायचं. पहिल्या वेळी आप्पा पोलिसांत गेले, तिथे केबलचं बिल मागितलं. पंधरा वर्षांपूर्वीचं बिल कोण जपून ठेवतं? पुढच्या दोन वेळा गेलेच नाहीत.

टॅब पुन्हा उघडला. इतर चोरी, गेल्या वर्षात किती वेळा : ३. पाकिटाच्या रकान्यात केबल बसवली. ओढाताण आहे, पण मी तिच्यावर ठाम आहे.

मग आप्पा आपणहून बोलले. पोळ्याच्या आधी एका रात्रीत केळीची साडेचारशे खोडं कोयत्याने आडवी केली. निसवलेली बाग, घड बाहेर पडलेले. नेलं काहीच नाही. मी विचारलं, कोणी केलं ते माहीत आहे? आप्पांनी शेजारच्या घराच्या भिंतीकडे पाहिलं. मधली भिंत एकच, सख्ख्या चुलतभावाची. सून आत निघून गेली.

चोरी नाही, मारहाण नाही, धमकी नाही. मी ओसरीवरूनच सुपरवायझरांना फोन लावला. "प्रश्नावलीत नाही ना? मग सोड. तासाला दोन घरं व्हायला हवीत."

चोरीचा एक प्रश्न उरला होता. शेवटची घटना तुम्हाला किती गंभीर वाटली : फार, बऱ्यापैकी, की फारशी नाही?

"केबल ना? फारशी नाही. नवी आणली की झालं."

मी तेवढंच भरलं.