लॅपटॉप काकांचा, ओटीपी भलत्याच्या फोनवर

लॅपटॉपचं बिल काकांच्या नावाचं, पैसे काकांच्या पेन्शनमधले, आणि तो सुरू करायची किल्ली देवासच्या एका अनोळखी मुलाच्या खिशात. आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहून टाकतो.

काका इंदूरला रामबागेत राहतात. बँकेतून निवृत्त झालेत. कॉम्प्युटर लागतो तो सोसायटीचा हिशेब, मराठीत चार पत्रं आणि गणपतीच्या वर्गणीची यादी एवढ्यासाठी. जुन्या लॅपटॉपची डिस्क गेली. त्यावरच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट मिळणंही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेलं, त्यामुळे दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नव्हता. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून नवा आणला, विंडोज ११ होमवाला. देश, भाषा, कीबोर्ड, वायफाय, सगळं पटापट झालं. मग मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याचं पान आलं आणि त्याला ‘नको’ म्हणायचं बटणच नाही.

काकांचं खातं होतं. पासवर्ड आठवत नव्हता, कारण जुन्या मशीनवर ते कायम पिन टाकायचे आणि पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो. पासवर्ड बदलायचा तर कोड ईमेलवर येणार. तो ईमेल कुणा दुसऱ्याच कंपनीचा, कधीकाळी सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला. तोही उघडेना. तो उघडायला ओटीपी जुन्या मोबाइल नंबरवर, आणि तो नंबर काकांनी केव्हाच सोडलेला. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस पडून राहतो, नंतर कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. तसाच दिला होता.

मी म्हटलं, “काका, नवीन खातं काढू.” ते ऐकेनात. “माझं खातं आहे ना? मग नवीन कशाला? त्या नंबरला फोन लाव.”

लावला. देवासचा कुणी तरुण होता. काका अगदी सभ्यपणे म्हणाले, “बेटा, आपके फोन पे छे आँकड़े आएँगे, बस वो बता दो.” पलीकडे क्षणभर शांतता. मग, “अंकल, सुबे-सुबे हम ही मिले क्या? उन्नीस सौ तीस पे लगाऊँ?” १९३० म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. काकांचा चेहरा लाल. मी फोन घेऊन समजवायला गेलो, तर त्याला वाटलं टोळीच आहे. त्याने नंबर ब्लॉक केला. मुलगा शंभर टक्के बरोबर होता, हेच तर दुखणं! ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँका रोज मेसेज पाठवतात.

मग काका चिडले ते खरं बँकवाल्यासारखे. “दोन वर्षं व्यवहार नसला तर आम्ही खातं निष्क्रिय करायचो. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण तेव्हाही माणूस कागद घेऊन आला, की त्याचं त्याला मिळतं. इथे आधार कार्ड दाखवायचं कुणाला?” ईमेलवाल्यांचा फॉर्म भरला. उत्तर यंत्राचं, तेही नकाराचं. मग वाट पाहिली, पुन्हा भरला, पुन्हा तेच. नवाकोरा लॅपटॉप तोवर टेबलावर झाकून ठेवलेला, आणि काकू येता-जाता त्यावरची धूळ पुसायच्या.

शेवटी काकूंच्या नंबरवर नवीन खातं काढलंच. आपण माणूस आहोत हे पटवायला बटण दाबून धरायला लावतात, तेही केलं. आत गेल्यावर सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो इथे ‘लोकल अकाउंट’वर, म्हणजे फक्त त्या मशीनपुरत्या खात्यावर, जायची सोय असते. तिथून ते खातं सोडलं.

पण थांबा, त्याच्या आधी एक काम. ऑनलाइन खात्याने सुरू केलेल्या नव्या मशीनची डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. उद्या मदरबोर्ड बदलला की मशीन ती मागणार. आम्ही ती काकांच्या डायरीत उतरवली, एलआयसीच्या पॉलिसी नंबरांखाली. वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कपाटातला, बॅकअपही बंद केला. फुकट जागा ५ जीबी, काकांचे फोटोच त्याहून जास्त.

खातं वाईट असं मी म्हणत नाही. चोरी झाली तर मशीन शोधायला, फाइली दोन ठिकाणी ठेवायला ते उपयोगी पडतं. विचारावं, हवं तो घेईल. विंडोजऐवजी टाकता येणारं लिनक्स मिंट नाव आणि पासवर्डवर भागवतं, ॲपलच्या मॅकवरही खातं ‘नंतर’ म्हणून पुढे जाता येतं. विंडोज ११ प्रोमध्ये ‘डोमेन जॉइन’ निवडून लोकल खातं काढता येतं, पण हिशेबाच्या वहीपुरत्या माणसाने प्रोचे जादा पैसे का मोजावेत? ऑनलाइन खातं टाळायला शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड टाकायची युक्ती इंटरनेटवर सापडेल, पण २०२५ पासून कंपनी चाचणीच्या आवृत्त्यांमधून असे चोरदरवाजे बुजवत चालली आहे, तेव्हा भरवसा ठेवू नका.

आणि हो, सिम सोडण्याआधी प्रत्येक ईमेलमध्ये जाऊन नवा नंबर टाका. काकूंचं जुनं सिम पुढच्या महिन्यात बंद करायचंय, त्याआधी तिची सगळी खाती मी स्वतः बसून बदलणार आहे.