न भरलेल्या कराचा अंदाज कसा बांधावा?

१ फेब्रुवारी २०१७ रोजी अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी लोकसभेत काही आकडे वाचून दाखवले होते. संघटित क्षेत्रात सुमारे ४.२ कोटी माणसे नोकरी करतात, पण पगारी उत्पन्नाची विवरणपत्रे १.७४ कोटीच येतात. असंघटित क्षेत्रात ५.६ कोटी वैयक्तिक उद्योग आणि पेढ्या आहेत, तर त्यांची विवरणपत्रे १.८१ कोटी. ५० लाखांहून अधिक उत्पन्न दाखवणारे देशभरात १.७२ लाख, आणि आधीच्या पाच वर्षांत विकल्या गेलेल्या मोटारी मात्र सव्वा कोटीहून अधिक. हे आकडे पुढे अनेक दिवस चर्चेत राहिले, पण त्यांतून सहज निघणारा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही: कायद्याप्रमाणे यायला हवा होता असा कर एकूण किती, आणि त्यातला किती आला नाही?

मोटारींच्या संख्येवरून याचे उत्तर मिळत नाही. मोटार कंपनीच्या नावावर असू शकते, कर्जावर घेतलेली असू शकते, किंवा ती एखाद्या बागायतदाराची असू शकते, ज्याचे शेतीचे उत्पन्न कायद्यानेच करमुक्त आहे. संघटित क्षेत्रातल्या नोकरदारांतही करपात्र मर्यादेच्या खाली पगार असणारे पुष्कळ असतात. देय कर आणि जमा कर यांतली तफावत मोजायची, तर आधी देय काय हे ठरवावे लागते, आणि आपल्या सार्वजनिक चर्चेत तीन निरनिराळ्या रकमांची सरमिसळ नेहमी होते. सवलतींमुळे सोडून दिलेला महसूल ही पहिली रक्कम. तिचे विवरण केंद्र सरकार २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत देत आले आहे. हा कर देयच नसल्यामुळे तो तफावतीत धरता येत नाही. दुसरी रक्कम थकबाकीची. करनिर्धारण अधिकाऱ्याने काढलेली मागणी अपिलात टिकतेच असे नाही, त्यामुळे थकबाकीचा सगळा आकडा देय कर मानणेही चूक ठरते. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या २५ हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातल्या १० हजारांपर्यंतच्या जुन्या मागण्या मागे घेण्यात आल्या, त्या वेळी यांतल्या काही मागण्या १९६२ इतक्या जुन्या असल्याचे सांगितले गेले. तिसरी रक्कम जे कोणी दाखवलेच नाही त्यावरच्या कराची, आणि खरी अडचण तिथेच आहे.

अमेरिकेच्या महसूल खात्याने ही अडचण फार पूर्वी अंगावर घेतली. तिथे १९६० च्या दशकापासून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या विवरणपत्रांची कसून तपासणी करून त्यावरून सगळ्या करदात्यांविषयी अनुमान काढले जाते. २०२२ या करवर्षासाठी देय कर आणि वेळेत जमा झालेला कर यांतल्या तफावतीचा त्यांचा अंदाज ६९६ अब्ज डॉलरचा आहे. त्यात विवरणपत्रच न भरल्यामुळे बुडालेला कर ६३ अब्ज, उत्पन्न कमी दाखवल्यामुळे ५३९ अब्ज, आणि दाखवूनही वेळेत न भरलेला ९४ अब्ज. उशिरा आलेले आणि वसुलीतून मिळणारे ९० अब्ज वजा केले, की ६०६ अब्ज उरतात. मला एकूण रकमेपेक्षा तिच्या पोटातला एक तपशील अधिक मोलाचा वाटतो. ज्या उत्पन्नाची माहिती तिसऱ्या पक्षाकडून खात्याला मिळते आणि ज्यातून कर आधीच कापला जातो, म्हणजे प्रामुख्याने पगार, त्यातले सुमारे १ टक्काच चुकीचे दाखवले जाते. ज्याची माहिती दुसरे कोणी फारशी देत नाही, त्यातले ५५ टक्के. माणसांच्या सचोटीत इतका फरक पडत असेल असे मला वाटत नाही. फरक आहे तो उत्पन्न खात्याला दिसण्या-न दिसण्याचा. आपल्याकडे टीडीएस, म्हणजे पगार हाती येण्याआधीच कर, कापला जाणारा नोकरदार आणि रोखीने व्यवहार करणारा व्यावसायिक यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवले, तर चर्चा पुष्कळ न्याय्य होईल.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तपासनिसाला सगळे सापडत नाही, म्हणून जे सापडले ते काही पटीने वाढवून धरावे लागते, आणि ती पट किती असावी हे गृहीतकावर ठरते. परदेशी खाती आणि गुंतागुंतीच्या भागीदाऱ्या नमुना तपासणीतून निसटतात, त्यामुळे अतिश्रीमंतांची करचुकवेगिरी कमी मोजली जाते, असे २०२१ च्या एका अभ्यासात दाखवले गेले.

दुसरी वाट वरून खाली येणारी आहे. मूल्यवर्धित करासाठी, म्हणजे विक्रीच्या दर टप्प्यावर वाढलेल्या मूल्यावरच्या करासाठी, युरोपात ती रुळलेली आहे: राष्ट्रीय लेख्यांतून, म्हणजे देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या अधिकृत हिशेबातून, देशाचा एकूण उपभोग घ्यायचा, प्रत्येक वस्तुगटाला त्याचा दर लावून येऊ शकणारा कर काढायचा आणि त्यातून जमा कर वजा करायचा. त्याच जातीच्या आपल्या जीएसटीसाठी हे आपल्याला करता येईल. पण दर अनेक असल्यामुळे कुटुंबे कशावर किती खर्च करतात याची बारीक माहिती लागते, आणि २०११-१२ नंतरची उपभोग खर्चाची प्रसिद्ध झालेली पाहणी थेट २०२२-२३ ची आहे. मधल्या २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने जाहीरच केले नाहीत. जीएसटी लागू झाला तो नेमका २०१७ मध्ये.

आपल्याकडे काळ्या पैशाचा, म्हणजे दडवलेल्या उत्पन्नाचा आणि संपत्तीचा, अंदाज काढण्याचे काम २०११ मध्ये तीन राष्ट्रीय संस्थांवर सोपवले गेले होते. त्यांचे आकडे एकमेकांशी इतके विसंगत निघाले, की संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीला विश्वासार्ह अंदाज काढणे फार अवघड आहे असेच नमूद करावे लागले. मला तो निष्कर्ष अपुरा वाटतो. ब्रिटनचे महसूल खाते दरवर्षी करतफावत जाहीर करते आणि नवी माहिती हाती आली की आधीच्या वर्षांचे आपलेच आकडे उघडपणे दुरुस्तही करते. आकडा बदलतो म्हणून तिथे कोणी मोजणे थांबवलेले नाही.

आपल्याकडे छाननीसाठी विवरणपत्रे निवडली जातात ती मुख्यतः जोखीम पाहून. वसुलीसाठी हे योग्यच, पण संशयितांच्या तपासणीवरून सर्वांविषयी अनुमान काढता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेला एक लहान नमुना वेगळा ठेवावा लागेल. त्याचा जाच होईल ही भीती खोटी नाही. अशाच विरोधामुळे अमेरिकेत १९९५ मध्ये नमुना तपासणीची जुनी योजना गुंडाळावी लागली. २००१ च्या करवर्षापासून ती नव्या रूपात सुरू झाली, तेव्हा सुमारे ४५ हजार विवरणपत्रे घेतली गेली आणि खात्याकडच्या नोंदींशी जी जुळली, त्यांच्या करदात्यांना बोलावलेच गेले नाही. नोव्हेंबर २०२१ पासून आपल्या आयकर खात्याकडेही प्रत्येक करदात्याचे व्याज, लाभांश, शेअर आणि मालमत्तेचे व्यवहार एकत्र दाखवणारे वार्षिक माहिती विवरण आहे. निवडलेली विवरणपत्रे आधी त्याच्याशी ताडून पाहावीत, जिथे मेळ बसत नाही तिथेच विचारणा करावी, आणि जो अंदाज निघेल तो त्याच्या खालच्या व वरच्या मर्यादेसह दरवर्षी संसदेपुढे ठेवावा.